फाइल पाठवायच्या आधी दोन कॉम्प्युटर काय ठरवतात आणि काय ठरवतच नाहीत

तुमचा प्रश्न असा आहे की नेटवर्कवरचे दोन कॉम्प्युटर फाइल पाठवायची वेळ आली की एफटीपी (फाइल पाठवायचा जुना प्रोटोकॉल, म्हणजे मशीननी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम) वापरायचा, एसएफटीपी (एसएसएच या एन्क्रिप्टेड कनेक्शनच्या आत चालणारा वेगळा प्रोटोकॉल) वापरायचा की अजून काही, हे आपापसात कसं ठरवतात. आणि ते जर ठरवतच असतील तर फाइलझिला या फाइल पाठवायच्या प्रोग्रॅममधून एका सर्व्हरला जोडताना "एसएफटीपी सर्व्हरशी एफटीपी कनेक्शन करता येत नाही, योग्य प्रोटोकॉल निवडा" अशा अर्थाचा मेसेज का आला, दोघांनी आपणहून का नाही बदलून घेतलं.

सरळ उत्तर म्हणजे, नाही ठरवत. प्रोटोकॉल कुठला हे कनेक्शन जोडायच्या आधीच तुम्ही ठरवलेलं असतं, यादीतून निवडून, किंवा पत्त्याच्या सुरुवातीला एफटीपी की एसएफटीपी लिहून, किंवा पोर्ट नंबर (समोरच्या मशीनवरच्या कुठल्या सेवेला जोडायचं ते सांगणारा आकडा) देऊन. मशीन आपापसात जे ठरवतात ते सगळं त्या एका प्रोटोकॉलच्या आतलं असतं: व्हर्जन कुठलं, एन्क्रिप्शन कुठलं, फाइल टेक्स्ट समजायची की जशीच्या तशी न्यायची, दुसरं कनेक्शन कोणी उघडायचं. मी वीसेक वर्षं सर्व्हर सांभाळतोय, आणि "फाइल जात नाही" म्हणून जी प्रकरणं माझ्यापर्यंत येतात त्यात पहिल्यांदा मी हेच बघतो की भांडण कुठल्या पायरीवर आहे, प्रोटोकॉलच चुकलाय की प्रोटोकॉल बरोबर आहे पण आतली बोलणी फिसकटलीत. दोन्हीचे उपाय पूर्ण वेगळे आहेत आणि लोक पहिल्या आजारावर दुसऱ्याचं औषध देत बसतात.

मशीनला हे का ठरवता येत नाही? कारण बोलणी करायची तर आधी ती कुठल्या भाषेत करायची हे ठरलेलं पाहिजे. टीसीपी (दोन मशीनमध्ये बाइट पोचवणारी खालची पातळी) कनेक्शन जोडलं गेलं म्हणजे फक्त दोन टोकांमध्ये पाइप टाकला गेला, त्यातून बाइट इकडून तिकडे जातात, त्या बाइटचा अर्थ काय हे टीसीपीला माहीत नसतं. म्हणजे अगदी पहिला बाइट कोण पाठवणार आणि तो कसा वाचायचा एवढं तरी आधीच ठरलेलं लागतं, आणि ते माणसांनी कागदावर ठरवलंय. अभय भूषण एमआयटीत असताना त्यांनी एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ (नेटवर्कचे नियम ज्या क्रमांकाच्या कागदांत लिहितात त्यांना आरएफसी म्हणतात) लिहिलं, फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉलचा पहिला मसुदा तो. आज आपण जो एफटीपी म्हणतो त्याचा मुख्य कागद आरएफसी ९५९, ऑक्टोबर १९८५ चा. त्या काळी नेटवर्कवरची मशीन एकमेकांसारखी नव्हतीच, एकाचा वर्ड (मशीन एका वेळी हाताळतं तो डेटाचा तुकडा) ३६ बिटांचा तर दुसऱ्याचा ३२ चा, कोणी अक्षरं आस्कीमध्ये ठेवायचं तर आयबीएमची मोठी मशीन एब्सडिकमध्ये (अक्षरांना आकडे द्यायच्या या दोन वेगळ्या पद्धती), त्यामुळे "आपण एकच फाइल म्हणतोय ना" हेसुद्धा ठरवावं लागायचं. त्याची खूण एफटीपीत अजून शिल्लक आहे, तिच्याबद्दल पुढे सांगतो कारण ती आजही लोकांच्या फाइली बिघडवते.

पोर्ट नंबर हा त्याच आगाऊ ठरवण्याचा भाग. २१ म्हणजे एफटीपी, २२ म्हणजे एसएसएच आणि त्याच्या पोटात एसएफटीपी, ४४५ म्हणजे विंडोजचं फाइल शेअरिंग एसएमबी, ८७३ म्हणजे फाइली जुळवून घेणाऱ्या आरसिंकचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम), ६९ म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपीवर चालणारा टीएफटीपी, एफटीपीचा साधा भाऊ. पण हा नुसता संकेत आहे, सक्ती नाही. कोणी एसएसएच २२२२ वर चालवलं तर ते चालतं, आणि कोणी २१ वर एसएसएच बसवलं तर तेही चालतं, फक्त मग येणारा प्रत्येक जण चुकीची भाषा घेऊन येतो.

आता तुमच्या मेसेजकडे येऊ. एफटीपीत पहिलं बोलतो तो सर्व्हर. क्लायंट (म्हणजे तुमच्या बाजूचा प्रोग्रॅम) कनेक्शन जोडून गप्प बसतो आणि २२० ने सुरू होणाऱ्या ओळीची वाट बघतो, म्हणजे "सेवा तयार आहे". एसएसएचमध्ये दोन्ही बाजू आपापली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतात, ती "एसएसएच-२.०-" ने सुरू होते आणि पुढे सॉफ्टवेअरचं नाव असतं. तुमच्या फाइलझिलाने एफटीपी धरून कनेक्शन जोडलं, २२० ची वाट बघितली आणि समोरून आली एसएसएचची ओळख. फाइलझिला लिहिणाऱ्यांना ती ओळ ओळखता येते म्हणून त्यांनी तुम्हाला नीट मेसेज दाखवला, एफटीपी प्रोटोकॉलमध्ये अशी काही सोय नाहीये, हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा चांगुलपणा आहे. उलट केलं असतं, म्हणजे एसएफटीपी निवडून एफटीपी सर्व्हरला जोडलं असतं, तर तुमच्या क्लायंटची ओळखीची ओळ त्या सर्व्हरला एखादी कमांड वाटली असती आणि त्याने बहुतेक ५०० किंवा ५३० चा नकार पाठवला असता, आणि तुमच्या बाजूला त्यातून काही अर्थ लागला नसता.

तिसरा प्रकार सगळ्यात छळतो. पोर्ट ९९० वर एफटीपी पहिल्या बाइटपासून टीएलएसमध्ये (कनेक्शन एन्क्रिप्ट करायचा प्रोटोकॉल) गुंडाळलेला असतो, आणि टीएलएसमध्ये पहिलं बोलतो तो क्लायंट. साधा एफटीपी क्लायंट तिथे नेऊन जोडला की क्लायंट सर्व्हरच्या २२० ची वाट बघतो, सर्व्हर क्लायंटच्या टीएलएस हॅलोची वाट बघतो, आणि दोघे गप्प. काही वेळाने टाइमआउट, आणि लोक म्हणतात फायरवॉल अडवतोय. कनेक्शन जुळलंय पण एकही ओळ येत नाही असं दिसलं की मी आधी हाच संशय घेतो.

मग ओळखीची ओळ कळलीच होती तर फाइलझिलाने स्वतःच एसएफटीपीवर का नाही उडी मारली? मला विचाराल तर त्यांनी बरोबर केलं. तुम्ही एफटीपी सांगितलं होतं, समोरचं मशीन कोण आहे हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि अशा अनोळखी मशीनच्या एका ओळीवर विसंबून तुमचा पासवर्ड दुसऱ्या रस्त्याने पाठवायचा ही सवयच धोक्याची. इथे एफटीपीकडून एसएफटीपीकडे जाणं म्हणजे जास्त सुरक्षित बाजूला जाणं झालं असतं हे खरं, पण समोरचा म्हणाला म्हणून प्रोटोकॉल बदलणारा प्रोग्रॅम उलट्या दिशेलाही तितक्याच सहज बदलेल.

इथपर्यंत पहिली पायरी झाली. आता आतली बोलणी.

एफटीपीची पद्धत एकदम जुनी आहे: करून बघ, नाही म्हणाला तर दुसरं कर. या प्रोटोकॉलला व्हर्जन नंबरच नाही. क्लायंट कमांड पाठवतो आणि तीन आकडी उत्तर येतं, पहिला आकडा निकाल सांगतो, २ म्हणजे झालं, ३ म्हणजे अजून काहीतरी दे (यूजरनेम दिल्यावर ३३१ येतं ते पासवर्डसाठी), ४ म्हणजे आत्ता नाही पण परत प्रयत्न कर, ५ म्हणजे असं होणार नाही. दुसरा आकडा विषय सांगतो, २ कनेक्शनबद्दल, ३ लॉगिनबद्दल, ५ फाइल सिस्टिमबद्दल. एवढं पाठ असलं तरी अर्धा लॉग वाचता येतो, ५३० दिसलं की लॉगिन, ५५० दिसलं की फाइल किंवा परवानगी, ४२५ दिसलं की दुसरं कनेक्शन. १९९८ मध्ये फीट नावाची कमांड आली, तिला उत्तर म्हणून सर्व्हर आपल्याला काय काय जमतं त्याची यादी देतो, पण जुन्या सर्व्हरला फीटच माहीत नसतं, तो ५०० म्हणतो, आणि क्लायंटने त्यावरून समजून घ्यायचं की फार अपेक्षा ठेवू नयेत.

एफटीपीत सगळ्यात जास्त फिसकटतं ते दुसऱ्या कनेक्शनवर. कमांड एका कनेक्शनवर जातात आणि फाइल (किंवा फोल्डरची यादीसुद्धा) दुसऱ्यावर, आणि ते दुसरं कुठे उघडायचं हे पहिल्यावर ठरतं. पॅसिव्ह मोडमध्ये, म्हणजे दुसरं कनेक्शनही क्लायंटनेच उघडायचं असतं तेव्हा, सर्व्हर २२७ चं उत्तर देतो, त्यात सहा आकडे असतात, उदाहरणार्थ १९२,१६८,१,१०,१९५,८०. पहिले चार म्हणजे आयपी पत्ता, शेवटचे दोन म्हणजे पोर्ट, १९५ गुणिले २५६ अधिक ८०, झाले ५००००. आता तो पत्ता परत वाचा. १९२.१६८ हा खाजगी नेटवर्कचा पत्ता, सर्व्हर राउटरच्या मागे बसलाय आणि त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता माहीत नाही, तो इमानदारीत आतला पत्ता सांगतोय आणि बाहेरच्या क्लायंटला तिथे पोचताच येत नाही. लॉगिन झालं, वेलकम आलं, आणि फोल्डरची यादी काही येत नाही, हे चित्र दिसलं की जवळपास दर वेळी गोष्ट हीच असते. बरेच क्लायंट आता असा पत्ता दिसला की तो सोडून देतात आणि मूळ सर्व्हरचाच पत्ता वापरतात. काही राउटर वाटेत २२७ ची ओळ वाचून पत्ता दुरुस्त करतात, पण त्यावर टीएलएस चढवलं की राउटरला ती ओळ दिसतच नाही, म्हणून "साधं एफटीपी चालत होतं, एन्क्रिप्शन चालू केलं आणि बंद पडलं" अशी तक्रार येते. उपाय सर्व्हरच्या बाजूला आहे, बाहेरचा पत्ता सेटिंगमध्ये लिहायचा, पॅसिव्ह पोर्टची एक ठरावीक रेंज द्यायची आणि तेवढी फायरवॉलमध्ये उघडायची.

आता ती १९७१ च्या काळाची खूण. एफटीपीत फाइल कुठल्या प्रकारची समजायची हे टाइप कमांडने ठरतं, टाइप ए म्हणजे टेक्स्ट, टाइप आय म्हणजे बाइट जसेच्या तसे. काहीच सांगितलं नाही तर ठरावानुसार टेक्स्ट. टेक्स्टमध्ये ओळीचा शेवट १३ आणि १० अशा दोन बाइटने पाठवायचा असतो, युनिक्सच्या फाइलीत तो नुसता १० असतो, म्हणजे युनिक्सवरून विंडोजवर येताना प्रत्येक १० च्या आधी एक १३ घुसतो. पत्रासाठी ठीक, झिप फाइलसाठी नाश. सुरुवातीच्या काळात मी एकदा रात्रभर बॅकअप ओढला होता, सकाळी एकही झिप उघडेना, सगळ्यांचे साइज मूळच्यापेक्षा थोडे थोडे वाढलेले. ते "थोडे थोडे वाढलेले" हीच ओळख, अर्धवट आलेली फाइल लहान असते, टेक्स्ट मोडने बिघडलेली अशी फुगलेली असते. हा त्रास एवढा सर्वत्र होता की पीएनजी चित्राचा फॉरमॅट बनवणाऱ्यांनी फाइलच्या पहिल्या आठ बाइटमध्ये त्यासाठी सापळाच लावलाय: १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. मधे १३-१० ची जोडी आणि शेवटी एकटा १०, वाटेत कोणी ओळींचे शेवट बदलले तर यातलं काहीतरी बिघडणारच आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमला फाइल उघडतानाच कळणार. मला हे डिझाइन फार आवडतं, ज्यांनी ते केलं त्यांचे हात नक्की कधीतरी पोळलेले असणार.

दुसरी पद्धत आकड्याची, आणि ती सगळ्यात सोपी. दोघांनी आपापला व्हर्जन नंबर सांगायचा आणि लहान तो धरायचा. आरसिंक असंच करतं. एसएफटीपीतही तसंच, क्लायंट इनिट पाकिटात आपला आकडा पाठवतो आणि सर्व्हर उत्तरात चालणारा आकडा देतो. मसुदे व्हर्जन ६ पर्यंत गेले पण पक्कं आरएफसी कधी झालंच नाही, आणि ओपनएसएसएच ३ वरच थांबलं, त्यामुळे व्यवहारात तुम्हाला जवळपास सगळीकडे ३ दिसेल. नवीन गोष्टी आकडा न वाढवता एक्स्टेन्शन म्हणून जोडल्या जातात, सर्व्हर व्हर्जनच्या उत्तरातच त्यांची नावं देतो आणि क्लायंटला ज्या कळतात त्या तो वापरतो. मला ही पद्धत जास्त पटते, कारण आकडा वाढवला की सगळं एकदम अंगावर घ्यावं लागतं, नावांच्या यादीत हवं तेवढं घेता येतं.

या इनिटच्या आधी एक नाजूक जागा आहे. एसएसएच चॅनेल उघडल्यावर सर्व्हर बहुतेक वेळा एसएफटीपीचा प्रोग्रॅम तुमच्या शेलमधून (सर्व्हरवर तुमच्या कमांड घेणारा प्रोग्रॅम) सुरू करतो, आणि त्या क्षणापासून क्लायंट येणारा प्रत्येक बाइट एसएफटीपीचा समजतो. एका ठिकाणी अचानक सगळ्यांचं एसएफटीपी बंद पडलं, पासवर्ड बरोबर, एसएसएचने लॉगिन व्यवस्थित होत होतं, आणि एसएफटीपीत एरर अशी की "मेसेज फार लांब आहे, १४१६१२८८८३". हा आकडा आकाशातून नाही पडलेला. एसएफटीपीत प्रत्येक पाकिटाचे पहिले चार बाइट म्हणजे त्याची लांबी. १४१६१२८८८३ चे चार बाइट सुटे केले की ८४, १०४, १०५, ११५ येतात, आस्कीत वाचले तर टी, एच, आय, एस, म्हणजे "धिस". कोणीतरी शेलच्या स्टार्टअप फाइलमध्ये "धिस सर्व्हर..." अशी सूचना छापायची ओळ टाकली होती, आणि क्लायंट ते वाक्य पाकिटाची लांबी म्हणून वाचत होता. ती ओळ फक्त इंटरॲक्टिव्ह लॉगिनपुरती ठेवली आणि सगळं सुरू झालं. असा विचित्र मोठा आकडा दिसला की त्याचे बाइट काढून अक्षरं वाचा, समोरचं मशीन खरंच काय बोलतंय ते बऱ्याचदा तिथेच सापडतं.

तिसरी पद्धत याद्यांची, एसएसएच, टीएलएस आणि एसएमबी तिघेही ती वापरतात. एसएसएचमध्ये ओळख झाल्यावर दोघे आपापल्या याद्या पाठवतात, की-एक्स्चेंज (गुप्त किल्ली कशी ठरवायची), होस्ट कीचा प्रकार (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली), सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) वगैरे, आवडीच्या क्रमाने. क्लायंटच्या यादीत वरून खाली यायचं, आणि त्यातलं जे पहिलं सर्व्हरच्याही यादीत आहे ते पक्कं. म्हणजे क्रम क्लायंटचा चालतो. टीएलएसमध्ये उलट, क्लायंट यादी देतो आणि निवड सर्व्हर करतो. एसएमबीतही क्लायंट डायलेक्टची (म्हणजे एसएमबीच्या व्हर्जनची) यादी देतो, २.०.२ पासून ३.१.१ पर्यंत, आणि सर्व्हर त्यातला स्वतःला जमणारा सगळ्यात वरचा उचलतो. याद्यांमध्ये एकही नाव जुळलं नाही तर बोलणी तिथेच संपतात, आणि ते योग्यच आहे.

हे न जुळणं आजकाल जास्त दिसतं कारण नवीन सॉफ्टवेअर जुनी नावं यादीतून काढतंय. ओपनएसएसएच ८.८ ने २०२१ मध्ये शा-१ या जुन्या हॅशवर (हॅश म्हणजे डेटावरून काढलेला छोटा ठसा) चालणारी एसएसएच-आरएसए सही बाय डिफॉल्ट बंद केली, आणि लगेच जुन्या स्विच आणि डिस्क बॉक्सना जोडताना "होस्ट की टाइप जुळत नाही, त्यांची ऑफर अमुक" असे मेसेज सुरू झाले. विंडोजने २०१७ मध्ये नवीन इन्स्टॉलेशनमधून एसएमबी १ काढलं, वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच्याच भोकातून शिरलं होतं, त्यामुळे जुन्या प्रिंटरच्या स्कॅन-टू-फोल्डरवाल्यांची पंचाईत झाली. इथे काय करावं हे परिस्थितीवर आहे. त्या यंत्राचं फर्मवेअर अपडेट होत असेल तर तेच करा. होत नसेल आणि यंत्र बंद नेटवर्कमध्ये असेल तर फक्त त्या एका होस्टसाठी अपवाद लिहा. सगळ्यांसाठी जुनी नावं परत चालू करायचा सल्ला सर्च केल्यावर पहिला सापडतो, तो घेऊ नका, एका यंत्रासाठी तुम्ही बाकी सगळ्या कनेक्शनची कडी काढून ठेवता.

आणि यादीवरून निवड होते म्हटल्यावर वाटेत बसलेला माणूस यादी खोडेल ही भीती आलीच. म्हणून एसएसएच दोन्ही याद्या हॅशमध्ये घेतं आणि सर्व्हर त्यावर सही करतो, कोणी नाव खोडलं तर सही जुळत नाही. एसएमबी ३.१.१ मध्येही शा-५१२ ने तसंच केलंय. एफटीपीत हे नाही. तिथे क्लायंट उघड्या कनेक्शनवर "ऑथ टीएलएस" पाठवतो आणि सर्व्हरचं २३४ आलं की एन्क्रिप्शन सुरू होतं, पण वाटेत कोणी ते २३४ पुसून ५०० लिहिलं तर क्लायंटला वाटतं सर्व्हरला टीएलएस येतच नाही. तुमच्या सेटिंगमध्ये "टीएलएस उपलब्ध असल्यास वापरा" असेल तर तो मुकाट्याने पासवर्ड उघडा पाठवू शकतो. एफटीपीच वापरायची वेळ आली तर "टीएलएस आवश्यक" हा पर्याय निवडा.

तुमच्या सर्व्हरपुरतं म्हणाल तर साइट मॅनेजरमध्ये प्रोटोकॉल एसएफटीपी करा. पोर्टची जागा रिकामी ठेवली तर तो २२ धरेल, पण आत्ता तुम्ही पोर्ट हाताने लिहिला असेल आणि त्याच पोर्टवरून एसएसएचची ओळ आली असेल तर तोच पोर्ट ठेवा. पहिल्यांदा जोडताना होस्ट कीचा फिंगरप्रिंट दाखवेल, तो सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोनवर वाचून दाखवा आणि जुळला तरच पुढे जा. तरीही अडलं तर फाइलझिलाच्या सेटिंगमध्ये डिबग लेव्हल वाढवून परत जोडा आणि सर्व्हरकडून आलेल्या पहिल्या पाच-सहा ओळी इथे टाका, यूजरनेम आणि आयपी खोडून. एसएसएचची ओळख त्यात आलीय का आणि याद्यांच्या पुढे गाडी गेलीय का, एवढं दिसलं की पुढचं सांगतो.